सर्व स्थितीत उपकारस्तुती करायची म्हणजे नक्की काय करायचं?

आपल्या ख्रिस्ती घरांमध्ये काही वचनं अशी आहेत की ती बायबलमध्ये कमी आणि भिंतीवर जास्त वाचली जातात. कॅलेंडरवर असतात, फ्रिजवर चिकटवलेली असतात, सकाळी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फुलांच्या फोटोसकट येतात. १ थेस्सलनीकाकरांस ५:१८ हे त्यातलंच एक. "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा," म्हणजे काहीही झालं तरी देवाचे आभार माना. संडे स्कूलच्या पोरालाही पाठ असतं. सगळं बरं चाललेलं असताना ते म्हणायला काही अडचण नसते, पण आयसीयूच्या बाहेर बाकावर बसलेल्या बाईला कोणी येऊन हेच वचन सांगतं, किंवा नोकरी गेलेल्या माणसाला सांगतं की ब्रदर याच्यासाठी पण देवाचे आभार माना, तेव्हा त्या माणसाच्या मनात काय होतं ते मी आमच्या चर्चच्या मंडळीत पुष्कळदा बघितलंय. तो मान हलवतो, आमेन म्हणतो आणि आतून एकटा पडतो, कारण त्याला वाटतं की मला आभार मानता येत नाहीयेत म्हणजे माझा विश्वासच कमी आहे.

मला ठामपणे असं म्हणायचंय की बायबलमध्ये उपकारस्तुती म्हणजे दुःख लपवणं नाही. ती रडण्याच्या जागी येत नाही, रडण्याबरोबर येते, आणि दुसरं म्हणजे ती एकट्याने मनातल्या मनात उरकायची गोष्टच नाहीये. हे दोन्ही कसं ते बघू.

आधी हे वचन लिहिलं कोणी आणि कोणाला. येशूचा प्रेषित पौल याने थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला लिहिलेलं हे पत्र साधारण इ.स. ५०-५१ च्या सुमाराचं, करिंथहून लिहिलेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात, म्हणजे नव्या करारातल्या सगळ्यात जुन्या लिखाणापैकी एक. त्याच्या थोडं आधी काय झालं होतं ते बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १६ आणि १७ व्या अध्यायात आहे. फिलिप्पै शहरात एका गुलाम मुलीतून पौलाने दुरात्मा घालवला, तिच्या भविष्य सांगण्यावर तिचे मालक पैसे कमवत होते, ती कमाई बंद झाली म्हणून त्यांनी पौल आणि त्याचा सोबती सीला यांना ओढत चौकात नेलं, चौकशी नाही काही नाही, कपडे फाडून छड्या मारल्या आणि आतल्या कोठडीत पाय खोड्यात अडकवून टाकलं. मध्यरात्री ते दोघं प्रार्थना करत होते, गाणी गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते. मग भूकंप, दारं उघडली, तुरुंगाच्या नायकाचं सगळं घर विश्वासात आलं. हा भाग आपल्या उपदेशात हमखास येतो.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते फारसं कोणी सांगत नाही. अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की त्या माणसांना सोडून द्या. आता ज्या माणसाने रात्रभर स्तुती केली तो काय म्हणेल असं आपल्याला वाटतं? प्रभूचे आभार, झालं गेलं विसरू, चला निघू. पौल असं काही म्हणाला नाही. त्याने स्पष्ट सांगितलं की आम्ही रोमी नागरिक आहोत, आमचा न्याय न करता सगळ्यांसमोर आम्हाला मारलंत आणि आता गुपचूप घालवून देताय? ते चालायचं नाही, त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. आणि अधिकारी घाबरले, आले, विनवणी करायला लागले. म्हणजे तोच माणूस, तीच रात्र, पाठीवरच्या जखमा अजून ओल्या, त्याने देवाची स्तुतीही केली आणि अन्यायाला अन्यायही म्हटलं. एकामुळे दुसरं खोटं ठरलं नाही. घरात नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला जेव्हा कोणी सांगतं की सिस्टर सहन करा, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, तेव्हा हा सोळावा अध्याय त्या सांगणाऱ्याने पूर्ण वाचावा असं मला फार वाटतं. मध्यरात्रीपर्यंत वाचून थांबू नये, सकाळपर्यंत जावं.

तिथून पौल थेस्सलनीकाला आला. तिथेही दंगा झाला, जमाव यासोनाच्या घरावर चालून गेला, पौल सापडला नाही म्हणून यासोनालाच ओढत नेलं आणि जामीन घेऊन सोडलं, आणि विश्वासणाऱ्यांनी पौल-सीलाला रातोरात गावाबाहेर काढलं. मागे राहिली ती नवी नवी मंडळी, त्यांच्यावर त्यांच्याच गावकऱ्यांचा त्रास सुरू. पौल पत्रात लिहितो की मला राहवेना म्हणून माझा सहकारी तीमथ्य याला तुमच्याकडे पाठवलं. त्यात या मंडळीतली काही माणसं मेली होती आणि बाकीचे घाबरले होते की आता त्यांचं काय होणार. म्हणून चौथ्या अध्यायात पौल त्यांना मेलेल्यांविषयी समजावतो. नीट बघा, तो "शोक करू नका" एवढंच म्हणून थांबत नाही, तो म्हणतो की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका. म्हणजे शोक आहेच. आशेसकट शोक. आणि पाचव्या अध्यायात आपल्या वचनाच्या चारच ओळी आधी सांगतो की जे खचलेत त्यांना धीर द्या, जे अशक्त आहेत त्यांना आधार द्या, सगळ्यांशी सहनशीलतेने वागा. आपण कॅलेंडरवर अठरावी ओळ छापली आणि चौदावी सोडून दिली. पौलाच्या मनात या दोन्ही एकाच मंडळीसाठी होत्या, ज्या मंडळीत खचलेला माणूस आहे आणि त्याला धरून ठेवणारेही आहेत अशी मंडळी मिळून उपकारस्तुती करते.

आता रडणं आणि आभार एकत्र कसे, तर स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधलं स्तोत्रांचं पुस्तक, उघडा. दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी सरळसरळ तक्रारीची आहेत. स्तोत्र १३ ची सुरुवातच "हे परमेश्वरा, कोठवर" अशी आहे. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी आभार नाहीत, हालेलूया नाही, काही नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, देवाने ते गाळलं नाही. ज्या दिवशी तुमच्या तोंडून उपकारस्तुती निघत नाही त्या दिवशी ८८ वाचा, ती पण प्रार्थनाच आहे. आणि स्तोत्र २२ घ्या, जे प्रभूने वधस्तंभावर म्हटलं, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" गुड फ्रायडेला सात उद्गारांच्या उपासनेत आपण हे दरवर्षी ऐकतो. पण त्या स्तोत्राच्या शेवटाकडे गेलात तर तिथे मोठी सभा भरलीये, हा माणूस सगळ्यांसमोर देवाचं नाव घेतोय, आपले नवस फेडतोय, आणि दीन माणसं जेवून तृप्त होतायत. आक्रोशाने सुरू झालेलं स्तोत्र गरिबांच्या पंगतीपर्यंत येतं. ही पंगत तिथे उगाच नाही आली, आणि ती समजायला लेवीय या अर्पणांचे नियम सांगणाऱ्या पुस्तकात जावं लागतं.

लेवीय म्हटलं की वर्षभरात बायबल वाचायचा नियम घेतलेले लोक फेब्रुवारीत तिथेच अडकतात हे मला माहीतीये, पण सातव्या अध्यायातली एक गोष्ट फार सुंदर आहे. देवाने संकटातून सोडवलं म्हणून कोणाला उपकारस्तुतीचं अर्पण करायचं असेल तर त्याने जनावर आणायचं आणि सोबत भाकरीही आणायच्या. तेलात मळलेल्या बेखमीर पोळ्या, तेल लावलेल्या पातळ पोळ्या, आणि खमीर घातलेली भाकरसुद्धा. चरबी वेदीवर जळायची, छातीचा भाग आणि उजवी मांडी याजकांना, म्हणजे पुरोहितांना, जायची आणि उरलेलं सगळं मांस अर्पण करणाऱ्याने खायचं. पण अट अशी की त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. नवसाचं किंवा स्वखुशीचं अर्पण असेल तर दुसऱ्या दिवशीही चालायचं, पण उपकारस्तुतीचं नाही.

जरा हिशोब करा. एक अख्खा बकरा, किंवा गोऱ्हा असेल तर विचारूच नका, आणि वर एवढ्या भाकरी. एका घराला एका दिवसात संपेल? शक्यच नाही. म्हणजे तुम्हाला माणसं बोलवावीच लागणार, भाऊबंद, शेजारी, रस्त्यावरून जाणारा परका, कोणी उपाशी असेल तो. आपल्याला का बोलावलंय हे ते विचारणारच, मग तुम्हाला सांगावं लागणार की मी मरणाच्या दारात होतो आणि परमेश्वराने मला काढलं. नियमात "साक्ष द्या" असं कुठे लिहिलेलं नाही, "गरिबांना बोलवा" असंही त्या ओळीत नाही, पण त्या एका अटीमुळे दोन्ही आपोआप होतं. उरवून ठेवायची सोयच ठेवली नाही. मला मोशेच्या नियमशास्त्रातली ही जागा फार आवडते.

आपल्याकडे हे अजून थोडंफार जिवंत आहे. ऑपरेशन नीट झालं, पोरगा पास झाला, नव्या घरात गेलो की आपण पाळकांना बोलावून उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवतो, भजनं होतात, आणि नंतर जेवण असतं. गावाकडच्या मंडळ्यांमध्ये हंगामाच्या सणाला लोक ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी, कोंबडी असं काय काय घेऊन चर्चमध्ये येतात आणि मग त्याचा लिलाव होतो. या गोष्टी लेवीयाच्या जवळच्या आहेत. फक्त एक बघायला पाहिजे की प्रार्थनेला बोलावलेल्या यादीत कोण असतं. बहुतेक वेळा ज्यांच्या घरी आपण जेवून आलोय तेच असतात. चर्चच्या मागच्या बाकावर एकटी येऊन एकटी जाणारी विधवा, वॉचमनची फॅमिली, वस्तीवर नवीन आलेलं कुटुंब, ही माणसं त्या यादीत आली की ती उपकारस्तुती बायबलमधली झाली.

बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात हेच अजून स्पष्ट आहे. शेतातलं पहिलं पीक टोपलीत घालून याजकापुढे ठेवायचं आणि ठेवताना बोलायचं काय, तर "पीक छान आलं, थँक्यू" एवढंच नाही. आपली गोष्ट सांगायची. माझा मूळ पुरुष भटका अरामी होता, तो मिसरात गेला, तिथे आम्हाला छळलं, आम्ही हाक मारली, परमेश्वराने ऐकलं आणि बाहेर काढलं, आणि आता बघ हे मी आणलंय. म्हणजे सुगीच्या दिवशी, भरल्या टोपलीसमोर उभं राहून आपली गुलामी आठवायची. आणि लगेच पुढची ओळ आहे की मग तू, लेवी (देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशातला माणूस) आणि तुझ्याबरोबर राहणारा परका मिळून आनंद करा. आठवण आणि वाटणं एकमेकांना चिकटलेलं आहे, कारण ज्याला स्वतःची भूक आठवते त्याला दुसऱ्याची दिसते.

याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण मला तरी पंडिता रमाबाई वाटतात. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, बहीण गेली, आणि भावाबरोबर त्या पायी पायी देशभर हिंडल्या. पुढे तो भाऊही गेला, १८८० मध्ये लग्न झालं आणि दोन वर्षं पुरी व्हायच्या आत नवराही गेला, पदरात छोटी मनोरमा. नंतर ख्रिस्ती झाल्या, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा ही बाई स्वतः तिकडे गेली आणि उपाशी मुलींना, विधवांना घेऊन आली, आणि त्यातून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. शाळा चालवणारी बाई ती, फंड गोळा करून पाठवला असता तरी लोकांनी नाव काढलं असतं. पण दुष्काळात माणूस कसा मरतो हे तिने घरात बघितलं होतं. देवाने मला वाचवलं हे तिने तोंडाने म्हटलंच, पण त्याचा अर्थ तिच्यासाठी असा होता की आता त्या मुलींना आणायला जायचं. १९२१ मध्ये मनोरमाही आईच्या आधी गेली. तोवर रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या आणि १९२२ मध्ये स्वतः गेल्या. या बाईला कोणी सांगू शकत नाही की उपकारस्तुती म्हणजे आयुष्यात सगळं गोड होणं.

आता एक चुकीची उपकारस्तुतीही बायबलमध्ये आहे, आणि ती ओळखता आली पाहिजे कारण ती ऐकायला अगदी चांगली वाटते. लूक १८ मधला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस. तो मंदिरात जातो, उभा राहतो आणि आभारच मानतो, "हे देवा, इतर माणसांसारखा मी नाही म्हणून मी तुझे आभार मानतो." शब्द बरोबर आहेत, जागा बरोबर आहे, उपासही करतो, दशांशही देतो. पण त्याचे आभार शेजारच्या जकातदाराकडे बघून आलेत. हे आपल्यातही होतं. बघ त्या लोकांना खायला नाही, आपल्याला देवाने दिलंय, थँक यू जीझस म्हण, असं आपण मुलांना शिकवतो. त्याचं वाईट बघून माझं चांगलं वाटणं ही बायबलची शिकवण नाही. येशू सांगतो की त्या दिवशी नीतिमान ठरून घरी गेला तो दुसरा, ज्याने वर बघायचंही धाडस केलं नाही.

आणि अजून एक, जे सध्या यूट्यूबवर फार चाललंय. आभार माना म्हणजे आशीर्वाद डबल होईल, आधीच थँक्स म्हणा म्हणजे चमत्कार होईल. लूक १७ मधले दहा कुष्ठरोगी आठवा. दहाही बरे झाले, परत आला एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहूदी लोक ज्यांना परके मानायचे त्यांच्यातला. येशूने विचारलं की बाकीचे नऊ कुठे आहेत, त्याला ते लागलं हे नक्की. पण त्या नऊ जणांचं कोड परत आलं असं कुठे लिहिलंय? त्यांचं बरं होणं त्याने काढून घेतलं नाही. त्यामुळे आभार ही पुढच्या आशीर्वादाची फी नाहीये. परत आलेल्या माणसाला मिळालं ते वेगळंच, तो येशूच्या पायाशी पोचला, त्याच्याशी बोलला. बाकीच्यांना कातडी मिळाली, याला देणारा भेटला.

सगळ्यात खोलवर ही गोष्ट मला प्रभुभोजनाच्या वेळी कळते. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं आणि पाळक १ करिंथ ११ वाचतात, की ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आलं त्या रात्री त्याने भाकर घेतली आणि उपकारस्तुती करून ती मोडली. ज्या रात्री धरून देण्यात आलं त्या रात्री! त्याला धरून देणारा यहूदा त्याच्याबरोबर जेवायला बसलेला होता. उद्या काय आहे ते माहीत होतं. त्याने भाकरीसाठी बापाचे आभार मानले, आणि मग थोड्याच वेळाने गेथशेमानेत जाऊन म्हणाला की माझा जीव मरणाइतका खिन्न झालाय, हा प्याला माझ्यापासून जावो. आभार मानून झाले म्हणून दुःख आवरलं पाहिजे असं त्यानेही स्वतःला सांगितलं नाही. त्याचा मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेपाशीही तसंच, आधी रडला आणि मग त्याच जागी म्हणाला, "बापा, तू माझं ऐकलंस म्हणून मी तुझे आभार मानतो." ज्याच्या नावाने आपण ख्रिस्ती म्हणवतो त्याचीच उपकारस्तुती अशी होती, मग आपण एकमेकांकडून कोरड्या डोळ्यांची का मागतो?

रोजच्या जगण्यात याचं काय करायचं, तर मला उपयोगी पडलेल्या काही गोष्टी सांगतो. जेवणाआधी आपण प्रार्थना करतोच, पण अनुवाद ८ मध्ये मोशे लोकांना सांगतो की तू खाऊन तृप्त होशील तेव्हा परमेश्वराचा धन्यवाद कर, आणि पुढे कारणही आहे, की पोट भरलं, घरं बांधली, सोनंनाणं वाढलं की तुझं मन उन्मत्त होईल आणि तू म्हणशील माझ्याच हाताच्या बळाने हे मिळवलं. भुकेच्या वेळी देव आठवतोच, विसरायची वेळ नंतरची असते. म्हणून ताट उचलताना एक वाक्य तरी म्हणावं. मुलांना पण हे जमतं, त्याला डोळे मिटायला नको आणि हात जोडायला नको.

मग साक्षीच्या वेळी आपण कोणाचं नाव घेतो ते बघावं. आपण उभे राहून म्हणतो की प्रभूने मला बरं केलं, डॉक्टरांच्या हातून काम केलं, आणि जी वहिनी रोज रात्री हॉस्पिटलच्या जमिनीवर चटई टाकून झोपली, जिने भांडी उचलली, तिचं नावच येत नाही. पौल असं करत नाही. रोमकरांस १६ उघडा, नावंच नावं आहेत, फिबी, प्रिस्क, अक्विला, आणि त्या दोघांविषयी तर तो स्पष्ट लिहितो की यांनी माझ्या जिवासाठी आपला जीव धोक्यात घातला, मी त्यांचे आभार मानतो. देवाचे आभार मानले म्हणून माणसाचे मानायचे राहिले असं त्याचं होत नाही.

आणि मागणी असेल तर ती मागावी, लपवू नये. फिलिप्पैकरांस ४:६ मध्ये "आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा" असं आहे, मागणीऐवजी आभार द्या असं नाही. ते पत्रसुद्धा पौलाने कैदेतून लिहिलंय. मी स्वतः ज्या दिवशी काहीच सुचत नाही त्या दिवशी आधी जे दुखतंय ते सांगतो, अगदी साध्या शब्दांत, घराचा हप्ता आहे, आईचा गुडघा आहे, आणि मग आजच्या दिवसातली एक खरी गोष्ट शोधतो जिच्यासाठी धन्यवाद म्हणता येईल, मोठी नाही, घडलेली.

आमच्या मंडळीतल्या एका मावशींचा तरुण मुलगा अपघातात गेला. काही आठवड्यांनी त्या उपासनेला आल्या, साक्षीची वेळ झाली, कोणाला वाटलं नव्हतं पण त्या उठल्या. म्हणाल्या, माझा मुलगा गेला याच्यासाठी मी आभार मानणार नाही, मला जमत नाही आणि देवाला ते कळतं. पण इतके दिवस माझ्या घरी चूल पेटली नाही तरी सकाळ-संध्याकाळ डबा आला, कोणी पाठवायचं हे तुम्ही आपसात कसं ठरवलंत मला माहीत नाही, एक दिवसही चुकला नाही, त्याच्यासाठी मी परमेश्वराची उपकारस्तुती करते. आणि बसल्या. त्यानंतर आमच्या महिला मंडळाने त्या डब्यांची पाळी वहीत लिहून कायमची लावली, कोणाच्याही घरी दुखणं किंवा मयत झाली की पहिले पंधरा दिवस कोण कधी डबा देणार ते आधीच ठरलेलं असतं, आणि ती वही आता त्या मावशींकडेच असते.